बिनकामाचं बेट

ताई कवळ्या बनवायची. माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे तिच्या टेबलावर ओळीने आ वासून बसलेले असायचे आणि ती मेणात एकेक दात रोवत दिवसभर मनातल्या मनात त्यांच्याशी गप्पा मारायची. रविवारची दुपार मात्र धाकटीची. धाकटी बहीण लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, तेव्हापासून दोघी एका व्हिडिओ गेममध्ये भेटत. तिथे त्यांचं स्वतःचं बेट होतं. नाव धाकटीनेच ठेवलेलं, बिनकामाचं बेट.

बेटावर सदा उतरतं ऊन. पाणी हलकेच किनाऱ्याशी यायचं आणि काहीतरी विसरल्यासारखं मागे जायचं. धाकटीने तिथे एक लाकडी घर बांधलं होतं, तेही असं तिरपं की एक खिडकी जमिनीला टेकलेली आणि जिना कुठेच न पोचणारा. त्या जिन्यावर बसून दोघी वाट्टेल ते बोलत. कानात बहिणीचा आवाज, डोळ्यांपुढे समुद्र; दुपार कधी विरघळली ते कळायचंच नाही.

मग ताईला दुर्बुद्धी सुचली आणि ती लोकांची बेटं बघायला गेली. कुणाकडे संगमरवरी पूल, कुणाकडे रांगेत फुललेल्या बागा. गेम प्रत्येक बेटाला क्रमांक द्यायचा. आजवर त्या आकड्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, तर नऊ हजारांच्या पुढे. ते तिच्या फारच जिव्हारी लागलं. कामावर जाण्याआधी झाडांना पाणी, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर दगड फोडणं, घरी आल्यावर पूल, असं वेळापत्रकच तिने भिंतीवर चिकटवलं. आकडा दोनशेवर आला, तरी दुसऱ्याचं बेट पाहिलं की आपलं डबकं वाटायचं. मजा कुठल्या दिवशी उठून गेली, तिला पत्ताही लागला नाही.

"बोलत काय बसलीस, दगड उचल," ती रविवारी धाकटीला म्हणायची. धाकटी उचलायची.

एका बुधवारी ताईने ते तिरपं घर पाडलं आणि रेषेत उभं केलं. क्रमांक एकशे ऐंशी झाला. पुढचे चार रविवार धाकटी आली नाही. कधी पाहुणे, कधी डोकेदुखी. ताईने तिला मनातल्या मनात आळशी ठरवून टाकलं.

त्यानंतर एक निवृत्त शिक्षिका मेणातली कवळी घालून बघायला आल्या. आरशात बराच वेळ हसून पाहिलं त्यांनी.

"सुरेख आहेत हो दात. पण माझे नाहीत. माझा पुढचा दात शेजारच्यावर जरा चढलेला होता. मी फोटो दिला होता की."

फोटो पाकिटातच होता. खरं तर असा एखादा दात मुद्दाम वाकडा बसवावा तो ताईनेच, अशी तिची ख्याती. या वेळी तिने पाकीट उघडलंसुद्धा नव्हतं. तिने मेण तापवलं आणि दात वाकवला.

संध्याकाळी तिने धाकटीला फोन लावला.

"तुझं घर मी सरळ केलं गं."

"माहितीये. दुसऱ्याच दिवशी आले होते. वाटलं, भलत्याच कुणाच्या घरी आलेय. दारातूनच परत गेले."

ताईला रडू फुटलं. "परत तिरपं करते ना."

"कसं करशील? मलाच आठवत नाही कसं होतं ते. चुकून झालं होतं, ताई."

रविवारी धाकटी आली. नव्या घरासमोरून गेली, आत डोकावली नाही, आणि वाळूत जाऊन बसली. ताई तिच्या शेजारी टेकली. झाडांना पाणी नव्हतं, दगड पडून होते. ऊन तसंच उतरत होतं.

"मजा येतेय का तुला?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"मलाही नाही येत अजून."

पडद्याच्या कोपऱ्यात एकशे ऐंशीचे एकशे नव्वद झाले, मग दोनशे पाच.

"आकडा बघतेयस ना?"

"हो," ताई म्हणाली. तिला लाज वाटली.

"बघ मग. मी थांबते."