डाव्या हाताची प्रेस

वर्ना टोलेफसनच्या वडिलांची रायफल फार जुन्या मापाची होती. मोंटानात या मापाची काडतुसं एकेकाळी किराणा दुकानातही मिळायची. आता बिलिंग्जपर्यंत गाडी हाकली तरी दुकानदार मान हलवायचा. वर्ना अठ्ठावन्न वर्षांची. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, तीही बर्फातून. रायफल बदलायचा विचारही तिच्या मनात आला नाही. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तिनं कॉफीच्या डब्यात साठवल्या होत्या. त्या घरीच पुन्हा भरायच्या, असं तिनं जूनमध्ये ठरवलं.

अडचण एकच होती. तीन वर्षांपूर्वी घोडीनं पाडलं तेव्हा तिच्या उजव्या मनगटात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले होते. नेम धरताना मनगट कुरकुरत नसे, पण जोर लावून ओढायचं म्हटलं की कळ थेट कोपरापर्यंत जाई. आणि काडतूस भरण्याची प्रेस म्हणजे सगळा दांडा ओढण्याचाच कारभार.

तिचा धाकटा भाऊ ऑरिन पिस्तुलाच्या स्पर्धांमध्ये उतरायचा. बहिणीनं कोणती प्रेस घ्यावी हे त्यानं परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"माझ्यासारखी घे," गॅरेजमध्ये तिला उभं करून तो म्हणाला. "ही चकती बघ. एकीकडे बंदुकीची दारू पडते, दुसरीकडे गोळी बसते. दांडा एकदा ओढला की एक काडतूस तयार. तासाला पाचशे!"

"मला वर्षाला साठ लागतात, ऑरिन. उरलेली काय लग्नात वाटू?"

"कर थट्टा. आधी बघ तर खरं."

त्यानं भराभर दांडा ओढायला सुरुवात केली. टण, टण, टण, पितळी काडतुसं खोक्यात पडू लागली. मध्येच दांडा अर्ध्यावर अडकला. ऑरिननं तो मागे ढकलून पुन्हा ओढला आणि गेल्या शनिवारच्या स्पर्धेत त्याचा नंबर कसा हुकला ते सांगत राहिला.

"थांब," वर्ना म्हणाली.

"काय झालं?"

"चकती पुढे सरकलीच नाही. त्याच पुंगळीत तू दोनदा दारू ओतलीस."

"अगं, पंधरा वर्षं करतोय मी हे."

"मग काढ बाहेर. वजन करू."

ऑरिननं वैतागून पुंगळी काढली, दारू तराजूवर ओतली आणि आकड्याकडे बघत राहिला. बरोबर दुप्पट. ते काडतूस पिस्तुलात गेलं असतं तर पिस्तूल राहिलं नसतं आणि बोटांचंही सांगता आलं नसतं. त्यानं स्टूल ओढलं आणि खाली बसला. वर्नानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझं यंत्र वाईट नाही," ती म्हणाली. "तू बडबडत होतास. मीही बडबडी आहे. म्हणून मला एका वेळी एकच काम करणारी प्रेस हवी. पन्नास पुंगळ्या ओळीत मांडीन, सगळ्यांत दारू घालीन, मग दिवा धरून एकेकीत डोकावीन."

"आणि हाताचं काय?"

"ते दुकानात बघते."

गावात बंदुकीच्या सामानाचं एकच दुकान होतं, अँसेल रडचं. अँसेल माणूस चांगला. पण बाईमाणूस आली की हलकी वस्तू पुढे करायची त्याला खोड होती. त्यानं ॲल्युमिनियमची, समोरून उघडी असलेली छोटी प्रेस काढली.

"पहिल्या प्रेसला बहुतेक लोक हीच घेतात, वर्ना. उचलायला सोपी."

"मला ती उचलायची नाही, ओढायची आहे. काउंटरला बोल्टनं आवळ."

"इथे? असं कुणी मागत नाही गं."

"मी मागतेय. घरी नेऊन परत आणण्यापेक्षा बरं."

अँसेलनं पाना शोधला. वर्नानं खिशातून वंगण लावलेली स्वतःची पुंगळी काढली आणि अँसेलनं दिलेल्या, फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात दाबू लागली. दांडा उजवीकडे होता, म्हणून तिला वाकडं होऊन डाव्या हातानं ओढावं लागलं. जोर येताच प्रेसचा उघडा जबडा किंचित फाकलेला तिला स्पष्ट दिसला.

"ही नको. ती दाखव, वरच्या फळीवरची."

ती बिडाची होती, इंग्रजी ओ अक्षरासारखी चारही बाजूंनी बंद आणि चांगलीच जड. दांडा लांब.

"याचा दांडा डावीकडे बसतो का?"

अँसेलनं डोकं खाजवलं, डबा उलटापालटा केला, कागद वाचला. "बसतो की! वीस वर्षं विकतोय, मला ठाऊकच नव्हतं."

दांडा फिरवून बसवला. वर्नानं डाव्या हातानं ओढला. पुंगळी साच्यात अशी गेली जशी सुरी लोण्यात. जबडा तसूभर हलला नाही. लांब दांड्यामुळे खांद्यालाही जोर लागला नाही.

"बांधून दे. साचे, तराजू आणि दारू भरण्याच्या मापांचं पुस्तकही."

घरी तिनं कपडे धुण्याच्या खोलीत जाड फळी ठोकली, तिच्यावर प्रेस आवळली आणि पुस्तकातलं सर्वांत कमी माप धरून सुरुवात केली. पाच काडतुसं एका मापाची, पाच जरा वरच्या, पाच आणखी वरच्या, सगळी पुस्तकाच्या हद्दीत. प्रत्येक पाचाची चिठ्ठी वेगळी.

नेमबाजीच्या मैदानावर पहिल्या पाच गोळ्या निशाणाच्या कागदावर तळहाताएवढ्या पसरल्या. शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ समजूत घालायला आला, "पहिल्यांदा होतं असं."

"होऊ दे. अजून दहा आहेत," वर्ना म्हणाली.

दुसऱ्या पाच जरा जवळ आल्या. तिसऱ्या पाच गोळ्यांची भोकं तिनं पाव डॉलरच्या नाण्याखाली झाकून दाखवली. मग मात्र त्या गृहस्थानं खुर्ची जवळ ओढली आणि तिची चिठ्ठी वाचायला मागितली.

"माप तुमच्या रायफलीचं तुम्हीच शोधा," ती हसून म्हणाली, "पण कॉफी असेल तर बसते."

ऑक्टोबरमध्ये सेजच्या झुडपांत पोटावर पडून तिनं दोनशे यार्डांवरचं हरीण टिपलं. जनावर चार पावलं गेलं आणि बसलं. ऑरिन ट्रक घेऊन पोचेपर्यंत तिनं पोट साफ करून काळीज थंड करायला झुडपावर ठेवलं होतं.

"माझ्यासाठी थांबायचं होतंस ना," तो म्हणाला.

"थांबले असते, पण भूक लागली. कांदे आणलेस का?"

त्यानं आणले होते. ट्रकचा मागचा फाळका खाली पाडून त्यांनी गॅसची शेगडी पेटवली आणि लोणी वितळायची वाट बघत वाऱ्याकडे पाठ करून बसले.