भिंतीकडची बाजू

मिशीला कलप लावणाऱ्या माणसाच्या बाकीच्या गोष्टीही एकदा तपासून घ्याव्यात, असं प्राणिसंग्रहालयाच्या नोंदवहीवाल्या बाईंचं मत होतं. तो माणूस सख्खा मामा असला तर दोनदा.

मामा झेब्र्याचा राखणदार. आठ दिवसांनी निवृत्त होणार. बाईंना, म्हणजे आपल्या भाचीला, इथे चिकटवलं तेही त्यानेच. उद्या वार्षिक तपासणी. प्रत्येक प्राणी नोंदीशी ताडून ‘तोच आहे’ अशी सही त्यांनीच करायची. झेब्र्याची ओळख पट्ट्यांवरून, कारण दोन झेब्र्यांचे पट्टे कधीच जुळत नाहीत. वहीत नियमाप्रमाणे डाव्या बाजूचा फोटो होता: खांद्यामागचा एक पट्टा चिमट्यासारखा दुभंगलेला. समोर झेब्रा निवांत गवत चघळत होता, पण त्याच्या अंगावर चिमट्याचा मागमूस नव्हता. उजवी बाजू दिसत होती खरी. पण दोन्ही बाजू सारख्याच असणार, शर्टाच्या असतात तशा, असं बाईंनी गृहीत धरलं.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. मामाने गव्हाण मधून उचलून भिंतीलगत नेली होती. झाडूवालीला आत येऊ देत नव्हता. कुंपणाची किल्ली करगोट्याला. आणि खिशात एक छोटी बाटली, कुणी आलं की आत सरकणारी. कलपच! मूळ झेब्रा विकून मामाने गाढव तर रंगवलं नाही ना?

बाईंनी रुमाल थुंकीने ओला केला, कठड्यातून हात घातला आणि झेब्र्याचा पुठ्ठा खसाखसा घासला. रुमालाला नुसता मळ लागला.

“धुणं आज इकडेच काढलंस का गं?” मामा मागे उभा होता.

“मामा, खरं सांगा. हा आपला झेब्रा नाही.”

“मग काय व्याही आहे आपला?”

“थट्टा नको. चिमटा कुठाय? उद्या मला सही करायचीय. खोटी केली तर माझी नोकरी जाईल, खरी केली तर तुमची अब्रू.”

मामाने फोटो हातात घेतला, भाचीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “शहाणे, डावी बाजू डावीकडे बघावी! ह्याच्या दोन बाजूही एकमेकींसारख्या नसतात.”

“मग वळवा त्याला.”

मामाचं हसू मावळलं. किल्लीशी बराच वेळ चाळा करून त्याने कुलूप काढलं. झेब्र्याच्या मानेवर हात ठेवून, कानाशी बोलत, त्याला हळूहळू फिरवलं. खांद्यामागे चिमटा ठसठशीत होता. डावा डोळा मात्र दुधासारखा पांढरा.

“चार महिने झाले. त्या बाजूने कुणी आलं की दचकतो, लाथ झाडतो. म्हणून ती बाजू भिंतीला. कळलं असतं तर मागच्या कोठडीत टाकला असता. अधू जनावर लोकांना दाखवत नाहीत.”

“आणि बाटली?”

“माझ्या मोतीबिंदूचं औषध. दोन थेंब मला, दोन त्याला.”

“अहो, जनावरांचे डॉक्टर काय मेले होते?”

मामाची मान भाचीने पहिल्यांदाच खाली गेलेली पाहिली.

बाईंनी वही गुडघ्यावर घेतली. उद्याची वाट न पाहता ‘तोच आहे’ लिहून सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: डावा डोळा अधू, आजच डॉक्टरांना दाखवणे. गव्हाण भिंतीलगतच ठेवावी. डावीकडून कुणी जाऊ नये. नव्या राखणदाराने हे जुन्याकडून शिकून घ्यावं. त्यासाठी जुन्यास महिनाभर जादा ठेवणे.

मामाने ते दोनदा वाचलं.

“ह्यात माझी चूक कुठे लिहिलीयस?”

“तिला वेगळी वही लागेल. आता धरा त्याला नीट, उजव्या बाजूचाही फोटो काढते. माझ्यासारखी दुसरी कुणी यायची.”