सभेत दिलेला शब्द

"आजी, मध्यवर्ती कल्पना एका वाक्यात सांग ना. कल मॅम पूछेंगी," हर्षा म्हणाली.

नेहरू नगरच्या क्लासमधून नातीने धडा आणला होता. अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षांनी, युद्ध चालू असताना, सैनिकांच्या दफनभूमीवर केलेलं भाषण. अवघं दोन-तीन मिनिटांचं.

"तू काय लिहिलं?"

"शहीदों को श्रद्धांजली."

"नाई वं. तो म्हणते, आपल्या बोलण्यानं ही जागा पवित्र नाई होत. मेले त्यांनी आपलं केलं. उरलेलं काम जित्यांनी करायचं."

"वा आजी! तुला तर झटक्यात समजलं!"

माझी मान खाली गेली.

कारगिलच्या साली आमच्या वसाहतीत, सेक्टर २ मध्ये, शोकसभा झाली. आमच्या मागच्या क्वार्टरमधल्या रंभाचा मुलगा तेजराम युद्धात मारला गेला होता. मी शाळेतली बाई, म्हणून माईक माझ्या हाती. चाळीस मिनिटं बोलले. दुःखाच्या घरी आपणहून तळण करत नाहीत. पहिल्या सणाला दुसऱ्या कुणी येऊन कढई चढवायची असते. "रंभाबाई, पोळ्याला तुमच्या घरी कढई मी चढवीन," असं मी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत!

पोळ्याला मला दुसरीकडे भाषणाचं बोलावणं आलं. रंभा उतई गावी राहायला गेली. दिवाळीला जाऊ म्हटलं. पुढे लाजेनेच जाणं होईना.

हर्षाच्या धड्यानंतर दुसऱ्याच दिवशी ऑटो करून उतईला गेले. रंभाने लगेच ओळखलं.

"या बाई, बसा."

"रंभाबाई, मी पोळ्याले आली नाई..."

"तुमी येतो म्हनलं होतं न, म्हून मी जाऊबाईले बी चढवू देल्ली नाई. लय रागावली ते. मंग कढई राहूनच गेली."

"कवापर्यंत?"

"आजवर."

पंचवीस वर्षं. मी पदर खोचला. "बेसन कुठी हाय? आत्ता चढवतो."

"राहू द्या. आता तेल सोसत नाई मले."

तिने चहा आणला. समोर बसली आणि हळूच म्हणाली, "बाई, त्या दिवशी माह्या तेजरामबद्दल तुमी काय बोलल्या होत्या? मले काई ऐकूच आलं नोतं. सांगा न."

मी आठवून पाहिलं. टाळ्या आठवल्या. मी नेसलेली साडीही आठवली.

"लय शांत पोरगा होता," मी म्हणाले.

"शांत?" रंभा हसली. "कुठचा शांत, बाई! घर डोक्यावर घे तो."

आणि मग तीच मला तिचा मुलगा सांगू लागली. माझ्या हातातला चहा निवून गेला.