अंगठ्याखाली झाकलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना काउंटर आहे, मोजणीचे हातयंत्र. मुठीत मावेन एवढाच. अंग लोखंडाचे, वर चकचकीत मुलामा होता, तो आता कडांवरून उडाला आहे. माझ्या डोक्यावरचा खटका अंगठ्याने दाबला की टक असा आवाज होतो आणि माझ्या खिडक्यांतला आकडा एकाने पुढे सरकतो. मागे सरकणे मला येत नाही. बाजूची गोल किल्ली फिरवली तर मी एकदम शून्यावर येतो, पण ती फिरवायला माणूस तयार हवा.

माझा जन्म कारखान्यातला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या माल्बर्ग गावी मी आलो तो टर्की पक्षी मोजायला. डेलमार कुबिचेक नावाचा माझा धनी टर्कीच्या वाड्यांवर कामाला होता. ट्रकमध्ये चढणारा एकेक पक्षी तो माझ्यावर मोजत असे, दिवसाला चार-चार हजार. पिसे, धूळ आणि उग्र वास यांत माझी उमेदीची वर्षे गेली. तक्रार नव्हती. टर्कीला आपण कितवे आहोत याची फिकीर नसते आणि मलाही नव्हती.

मग डेलचा मुलगा ग्लेन बेसबॉल खेळू लागला आणि माझे नशीब उघडले. आमच्या गावाच्या संघाचे नाव क्रेन्स. खेळणारे सगळे गावचेच. कोणी गाई पिळून मैदानावर येई, कोणी ट्रक उभा करून. ग्लेन पिचर झाला, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा. पिचरच्या हाताने एका सामन्यात शंभराच्या आसपास फेकी केल्या की त्याला थांबवायचे असते, नाहीतर कोपर कायमचे जाते. संघाचा मॅनेजर रॉली स्टुएव्ह मनाचा साधा होता, पण आकडा काही त्याच्या डोक्यात टिकत नसे. तो इनिंग संपली की जाळीच्या कुंपणाशी येई आणि विचारी, "कुठवर आलंय, डेल?" डेल मला उंच धरी. रॉली वाचून मान डोलावी आणि परत जाई. ते माझे वैभवाचे दिवस होते. फळ्यांच्या गॅलरीतले लोकसुद्धा वळून माझ्याकडे बघत.

आता क्रेन्सचे काय सांगू? रविवारी पहिल्या नंबरच्या संघाला नऊ धावांनी लोळवतील आणि बुधवारी तळाच्या संघापुढे नांगी टाकतील. डेलचा जीव या संघावर होता आणि भरवसा कधीच नव्हता. हाच तर खरा चाहता, असे त्याची बायको आर्डिस म्हणे.

एका ऑगस्टच्या रविवारी ग्लेनचा हात असा काही चालला की समोरच्या संघाला आठ इनिंगमध्ये एकही हिट, म्हणजे धावता येईल असा टोला, मिळाली नाही. नऊ इनिंग, म्हणजे सामना संपेपर्यंत, हे जमले तर पिचरचे नाव गावात पिढ्यान् पिढ्या घेतात. मात्र आमच्याकडे एक रीत आहे. असे काही घडत असताना त्याचा उच्चारही करायचा नाही. पिचरशी कोणी बोलत नाही, त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. तोंडातून शब्द गेला की दृष्ट लागते. त्या दिवशी सगळी गॅलरी चर्चमध्ये बसल्यासारखी गप्प होती. माझ्या खिडक्यांत एकशे एकतीस होते.

आठवी इनिंग संपली आणि रीतीपायी तोवर दूर राहिलेला रॉली कुंपणाशी आला. त्यालाही रीत ठाऊक होती, म्हणून त्याने नुसत्या भुवया उंचावल्या. डेलने मला वर धरले नाही. त्याचा अंगठा सरकला आणि माझ्या खिडक्यांवर येऊन बसला. त्या अंगठ्याखाली गच्च अंधार होता आणि त्याची नाडी माझ्या पत्र्यावर उडत होती.

"ठीक आहे तो," डेल म्हणाला. "असू दे."

रॉली क्षणभर तिथेच उभा राहिला. मग मान डोलावून गेला.

ग्लेनने ती नववी इनिंगही पूर्ण केली. एकशे एक्कावन्नाव्या फेकीवर शेवटचा बॅटर बाद झाला आणि माल्बर्ग वेडे झाले. तो चेंडू अजूनही गावच्या बारमध्ये काचेच्या डबीत ठेवला आहे. पुढच्या रविवारी ग्लेनला उजव्या हाताने कॉफीचा मगसुद्धा उचलता येईना. दोनदा शस्त्रक्रिया झाली. तो पुन्हा कधी पिचर म्हणून उभा राहिला नाही. वर्षभरात तो दुलुथ शहरात निघून गेला आणि रविवारी घरी येणे त्याने सोडले.

गावाने खापर रॉलीच्या डोक्यावर फोडले. मॅनेजरला दिसू नये होय, पोराच्या हाताचे काय चालले आहे ते? डेलने त्यावर ना हो म्हटले ना नाही. मग हळूहळू तोही त्यांच्या सुरात सूर मिसळू लागला. रॉली पिचर उशिरा बदलतो, रॉली भलत्याच वेळी बॅटर बदलतो, रॉलीला खेळ कळतच नाही. एकदा गॅलरीत कोणीतरी त्याला विचारले की मग याला मॅनेजर ठेवला कशाला? डेल म्हणाला, "दुसरा कोणी फुकट करत नाही ना." लोक हसले. मी खिशात होतो. मला हसू आले नाही.

अकरा वर्षे मी डेलच्या जॅकेटच्या खिशात पडून होतो. सूर्यफुलाच्या बियांची टरफले, जुनी तिकिटे आणि मी. डेलने किल्ली फिरवली नाही. माझ्या खिडक्यांत एकशे एक्कावन्न तसाच राहिला. प्रत्येक सामन्यात त्याचा हात खिशात येई, मला चाचपडे आणि निघून जाई. मैदानाच्या मधल्या मातीच्या उंचवट्यावर कोणीही पिचर उभा राहिला तरी डेलला ग्लेनच दिसत असावा, कारण फेक झाली की त्याचा अंगठा माझ्यावर फडफडे, पण खटका दाबत नसे. मित्रांनो, न दाबलेल्या त्या हजारो फेकींचे ओझे मी अजून वाहतो आहे. रॉली पुन्हा कधी कुंपणाशी आला नाही आणि त्याने कोणाला काही सांगितलेही नाही. आर्डिसने तर चर्चमध्ये रॉलीच्या बायकोशी, व्हर्नाशी, बोलणेच टाकले होते.

गेल्या उन्हाळ्यात ट्रेव्हर नावाचा पिचर संघात आला. गावच्या गुरांच्या डॉक्टरांचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. एका रविवारी पाच इनिंग झाल्या आणि गॅलरी पुन्हा तशीच गप्प झाली. ती शांतता मी कापडाआडूनही ओळखली. तेवढ्यात डेलने मला बाहेर काढले. किल्ली गंजून बसली होती. त्याने गाडीच्या किल्लीने ती रेटली. एकशे एक्कावन्न गेले आणि खिडक्यांत चार शून्ये आली. मग त्याने मला भराभर चौऱ्याहत्तर वेळा दाबले. इतकी वर्षे तो मनात मोजतच होता.

आठव्या इनिंगनंतर माझ्यावर एकशे एकोणीस होते. रॉलीने कुंपणाकडे पाहिलेही नाही. ट्रेव्हर बाकाच्या टोकाला एकटा बसून कोपर चोळत होता. डेल उठला. आर्डिसने त्याची बाही धरली, ती त्याने हलकेच सोडवली आणि पायऱ्या उतरून तो थेट कुंपणापाशी गेला. त्याने मला जाळीला टेकवून उंच धरले.

"रॉली, एकशे एकोणीस झाले," तो मोठ्याने म्हणाला. "हिट दिलेली नाही त्यानं, मला दिसतंय. तरी पण काढ त्याला."

गॅलरीतून एक आवाज उठला, जणू प्रत्येकाला कोणी चिमटा काढला होता. कोणी डेलला म्हातारा खुळा म्हणाले, कोणी खाली बस म्हणून दरडावले. ट्रेव्हरच्या डोळ्यांत पाणी आले. रॉली माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. अकरा वर्षांनी त्याने मला वाचले. मग त्याने दुसऱ्या पिचरला हाक मारली.

दुसऱ्या पिचरच्या दुसऱ्याच फेकीवर बॅटरने चेंडू मैदानाबाहेर टोलवला. क्रेन्स एका धावेने हरले.

लोक टोप्या आपटत खाली उतरू लागले. बियाण्यांच्या दुकानाचा लिरॉय सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "हा रॉली म्हणजे कमाल आहे. तेव्हा पोराचा हात घालवला, आज हातातली मॅच घालवली."

डेल अजून कुंपणाशीच होता. तो वळला.

"हात त्यानं नाही घालवला," तो म्हणाला. "तेव्हा रॉलीनं मला विचारलं होतं. आकडा माझ्या हातात होता. मी अंगठा ठेवला त्यावर."

आर्डिस पायरीवरच खाली बसली. तिने विचारले, "किती होते?" डेलने सांगितले. ती उठली, त्याच्याकडे न बघता बाकाकडे गेली आणि बॅटी गोळा करणाऱ्या रॉलीसमोर उभी राहिली. तिथे ती काय बोलली ते मला ऐकू आले नाही. रॉलीने टोपी काढली, एवढे दिसले.

परतताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. "घरी गेल्यावर ग्लेनला फोन मी लावून देते. बोलायचं तू."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पडलो होतो, म्हणून मला सगळे ऐकू आले. डेलने इकडचे तिकडचे न बोलता, तब्येत न विचारता आकडा सांगितला, रॉलीचे विचारणे सांगितले, अंगठाही सांगितला. पलीकडून ग्लेनचा आवाज आला, थकलेला आणि अगदी शांत.

"मला माहीत होतं, डॅड. मी पण मोजत होतो. नवव्या इनिंगला प्रत्येक फेकीआधी मी तुझ्याकडेच बघत होतो. मला वाटायचं, आता उठशील."

डेलने फोन ठेवला नाही. दोघेही तसेच एकमेकांचा श्वास ऐकत राहिले.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याने शेवटी म्हणायचे असते की मला तेल घाला, गंजू देऊ नका. घाला हवे तर. पण मला तोंड नाही, आणि ज्याच्या मुठीत मी असतो त्याला ते असते. सगळे गप्प बसलेले असतील आणि आकडा तुमच्या हातात असेल, तर अंगठा बाजूला घ्या. मैदानातून कोणीतरी तुमच्याकडे बघत असते.