उतरत्या खांद्याचा फर्मा

घाबरू नका, मी फर्मा बोलतोय. फर्मा म्हणजे कपडा बेतायचा कागद. मला कापडावर पसरतात, टाचण्या लावतात, खडूनं कडा आखतात आणि कात्री चालवतात. पुढे ड्रेसचं कौतुक होतं आणि माझी घडी होते. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटायला दुसऱ्या गोष्टी आहेत.

मी कारखान्यात छापला गेलो आणि कारंज्याच्या एका शिलाई सामानाच्या दुकानात टांगला गेलो. पाकिटावर हसऱ्या मुलीचं चित्र होतं. गिऱ्हाइकांची एक गंमत सांगतो. बायका हटकून स्वतःपेक्षा एक नंबर लहानच फर्मा मागायच्या. दुकानदार मुकाट्यानं मोठा काढून द्यायचा.

पौर्णिमानं मात्र खरं माप सांगितलं. ती जऊळक्याची, मामाकडे आलेली.

"दादा, माहा डावा खांदा उतरता हाय. याच्यात बसन का?"

"फर्मा सगळ्याइले सारखाच असते, बाई," दुकानदार म्हणाला.

ते खरंच होतं. आम्ही फर्मे मुळात अर्धेच असतो. कापड दुमडायचं, वर अर्धा कागद ठेवायचा, कापून उलगडलं की दोन्ही बाजू एकसारख्या. माणसाच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, असं कारखान्यानं परस्पर ठरवून टाकलेलं.

घरी येताच पौर्णिमानं वर्तमानपत्र घेतलं आणि खळ लावून मला दुसरी बाजू जोडली. तिच्यावर डावा खांदा आपल्या मापानं खाली उतरवला. धाकटी, पण अंगानं तिच्याएवढीच झालेली पिंकी शेजारी बसून बघत होती. तेव्हापासून माझी उजवी बाजू कारखान्याची आणि डावी पौर्णिमाची.

आईच्या मशीनवर तिनं पांढरा ड्रेस शिवला आणि बुद्धपौर्णिमेला तो घालून विहारात निघाली. तिची आई, लिलाबाई, बघतच राहिली. "माय व, अंगावरच शिवल्यावानी बसला!" काय ती नजर होती! पिंकीनंही ती दारातून पाहिली.

पावसाळा सरता सरता पौर्णिमाला ताप आला. वाशीमच्या दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही. तो ड्रेस तिच्या अंगावरच गेला. मी मशीनमागच्या खिळ्यावर उरलो.

घर स्टेशनजवळ आहे. गाडी गेली की मांडणीतली भांडी थरथरतात आणि खिळ्यावर मीही. पण भर दुपारी, गाडी नसताना, वारा पडलेला असताना माझी डावी बाजू एकटीच हलू लागली. उजवी गप्प असायची. डावी मात्र हळूच वर यायची आणि खाली जायची, झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी. माझ्यात कुणी राहायला आलं आहे का, ते मला आजही कळलेलं नाही. मला भीती वाटते. पण कागद पळून जाणार कुठे?

पौर्णिमाच्या पुण्यानुमोदनाचा, तिच्या आठवणीत वंदना घ्यायचा दिवस जवळ आला, तेव्हा लिलाबाईनं पांढरं कापड आणलं. पिंकीसाठी तस्साच ड्रेस शिवायचा होता. तिनं पोरीचं माप घेतलंच नाही. मला खिळ्यावरून काढलं आणि सरळ कापडावर ठेवलं.

पिंकीनं ड्रेस अंगात घातला. तिचे खांदे सरळ, त्यामुळे डावीकडे कापड ओढलं गेलं आणि गळा तिरका झाला. दुसऱ्या कुणी टीप उसवली असती. लिलाबाईनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तो खाली दाबला.

"थोडा खाली घे व. अजून. हां, असाच राय, हालू नको."

सुरकुती गेली. लिलाबाईच्या डोळ्यांत तीच जुनी नजर आली. "आली माही बाई," ती पुटपुटली. पिंकी हलली नाही.

मग पिंकी ड्रेस नसतानाही तशीच उभी राहू लागली. पौर्णिमासारख्याच ओठांच्या कोपऱ्यात टाचण्या धरू लागली. 'पिंकी' म्हटलं की लगेच वळेना, कधी कधी दुसऱ्या हाकेलाही नाही. 'पौर्णिमा' हे नाव कुणी बोलता बोलता घेतलं, तर मान झटकन वर.

एका दुपारी तिचा बाप देवमन शेतातून आला. मशीनवर पाठमोरी बसलेली पोर पाहून त्याच्या हातातला पाण्याचा गडवा सुटला.

"पिंकीची आई," तो म्हणाला. आजवर तो तिला पौर्णिमाची आई म्हणायचा. "कपडा पोरीले बसवतेत. तू पोरीले कपड्याले बसवून राह्यली. टेप घे. माप घे तिचं."

लिलाबाईनं टेप घेतला. उजवा खांदा मोजला. डावा मोजला. पुन्हा मोजला. मग तोच टेप माझ्या डाव्या बाजूला लावला. एका सुताचाही फरक नव्हता.

"सरळ उभी राय ना व पिंकी!"

"आई, सरळच तं उभी हाय मी."

"माही पिंकी कुठं हाय?" असं लिलाबाई पिंकीलाच विचारत राहिली. पोर तिच्यासमोर उभी होती. त्या घटकेच्या आठवणीनं मला अजून धडकी भरते.

त्यानंतर मला घडी करून पेटीच्या तळाशी टाकलं. पिंकीचे कपडे आता दुकानातून येतात. पण लिलाबाई तिच्याकडे बघतच नाही. भाकरी वाढते, वेणी घालते, सगळं नजर चुकवून. तिला वाटतं, बघितलं तर दुसरीच दिसेल.

आज पिंकीनं पेटी उघडली आहे. मला उलगडून तिनं आपल्या अंगाला लावलं आहे आणि ती आरशासमोर उभी आहे. माझी डावी बाजू गरम झाली आहे. दोघींतली ती ऊब कुणाची, मला सांगता येत नाही.

"पाय ना व आई," ती आरशाला म्हणते आहे, "एकदा पाय ना माह्याकडे."

मला फाडा, असं मी तुम्हाला विनवणार होतो. पण नुसतं फाडून भागायचं नाही. लिलाबाई, अंगणात तूर पाखडत बसली आहेस ना? सूप खाली ठेव. आत ये. हिच्या तोंडाकडे बघ आणि हिला पिंकी म्हणून हाक मार. पहिल्या हाकेला वळली नाही, तर पुन्हा मार. पण आत्ता ये. आत्ता ती ओ देईल.