बरणीतला पाहुणा

पायगोंडा पाटील मास्तरांनी तांब्या पाण्याला टेकल्याची दोरीवरून खात्री करून घेतली. तांब्याला दोन दोऱ्या होत्या, एक गळ्याला आणि एक बुडाला. गळ्याची दोरी सैल सोडून बुडाची ओढली की तांब्या पाण्यातच कलंडे आणि आतलं सगळं अलगद विहिरीत उतरे. वरून ओतून चालत नसे. तेवढ्या उंचीवरून पडलेले बारीक जीव पाण्यावर आपटून मरतात.

"पोचली का समदी घरला?" मागून हंबीररावाने विचारलं. तो चुलीसाठी बाभळीचा फाटा ओढत आणत होता.

"पोचली."

"कुनी मागं ऱ्हायलं न्हाई न्हवं? हजेरी घेत चला, मास्तर. पलटणीत आमची रोज व्हायची."

मास्तरांनी तांब्या वर ओढून घेतला. पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर राहिलेली जिवाणी, म्हणजे ते बारीक जीव, ज्या पाण्यातली त्याच पाण्यात परत सोडायची, हा त्यांच्या जैन घरचा नेम होता. सांगलीच्या शाळेत त्यांची त्यावरून थट्टा होई. इथे जतच्या माळावर थट्टा करायला एकटा हंबीरराव होता, ही त्यातल्या त्यात सोय होती. हा सगळा विधी मास्तर चष्मा न लावता करत. चष्मा तंबूत उशाशी असे. नेमाला चष्मा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मोहीम वाळवंटाची होती. निदान अर्जात तसं लिहिलं होतं. पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे प्रोफेसर बावधनकर मूळचे वाईचे. त्यांना राजपुतान्यात जायचं होतं. तेवढा पैसा मंजूर झाला नाही, तेव्हा त्यांनी पावसाचे आकडे काढले आणि जत संस्थानाचा पूर्व भाग वाळवंटात बसवला. बनुबाई नावाच्या धनगर बाईच्या विहिरीशेजारी दोन तंबू लागले. स्वयंपाक, गाडी आणि बंदोबस्त बघायला साताऱ्याकडचा हंबीरराव हवालदार घेतला. तो पायात गोळी घेऊन आफ्रिकेतल्या लढाईवरून परतला होता. पहिल्याच दिवशी त्याने माळावर नजर फिरवून निकाल दिला होता.

"सायेब, ह्ये वाळवंट न्हवं. मी लिबयात दोन उन्हाळं काढल्यात. वाळवंटात बाभळ नसती, मेंढरं बी नसत्यात."

"बाभूळ बघायची नसते, हवालदार. पाऊस किती पडतो ते बघायचं."

"मंग ऱ्हायलं. पाऊस न पडायच्या बाबतीत ह्यो लिबयाच्या म्होरं हाय."

प्रोफेसर ज्याच्यामागे आले होते तो प्राणी त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. कोरड्या मुलखात जमिनीखालच्या पाण्यात, कायम अंधारात राहणारा जीव. दख्खनमध्ये असलं काही असणं शक्य नाही, असं कलकत्त्याच्या एका विद्वानाने छापलं होतं. आहे, असं प्रोफेसर गेली कित्येक वर्षं म्हणत होते. आता ते निवृत्तीला आले होते आणि अजून म्हणतच होते. माणसांचा वावर असलेल्या विहिरीत असा भित्रा प्राणी राहणार नाही, हे त्यांनी पुण्यातच ठरवलं होतं. त्यामुळे रोज सकाळी ते एखादी पडकी विहीर गाठत आणि रेशमी जाळं खाली सोडत. आतापर्यंत बेडूक, डासांच्या अळ्या आणि एक फुटका पोहरा मिळाला होता.

मास्तरांना त्यांनी घेतलं ते अक्षरासाठी. बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायच्या, पाण्याचं तापमान टिपायचं. मास्तरांनी आधीच सांगितलं होतं, "स्पिरिटच्या बाटलीत जीव घालायचं काम मी करणार नाही."

"ते मी करीन," प्रोफेसर म्हणाले होते. "पण तुम्हाला सांगून ठेवतो, जो कुणी हा प्राणी शोधील त्याचं नाव मी त्याला देणार आहे."

त्या वाक्यासाठी मास्तर आले होते. शाळेत आजवर त्यांनी फळ्यावर जी नावं लिहिली ती सगळी साहेबांची होती. अमक्या साहेबाचा बेडूक, तमक्या साहेबाचा साप. पायगोंडा पाटलांचं असं जगात काही नव्हतं. निघताना त्यांनी पत्नीला, प्रभावतीला, हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "सापडलं तर किडा, आणि नाव घराण्याचं?" पण शेजारणीला तिनेच ते हौसेने सांगितलं होतं.

त्या दुपारी प्रोफेसर रिकामे परतले. जेवताना त्यांनी काटकीने मातीत प्राण्याचं चित्र काढलं.

"शितापेक्षा लहान. पांढरा, जवळजवळ पारदर्शक. डोळे नाहीत. पाय मात्र भरपूर."

"डोळं न्हाईत तर पाय कशाला एवढं?" हंबीररावाने विचारलं.

मास्तरांचा हात पाण्याच्या भांड्याशी थांबला. फडक्यावर रोज पहाटे काहीतरी पांढरं बारीक दिसे. फडकं जुनं झालं, सूत निघतंय, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. सूत वळवळतं का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते चष्मा लावून विहिरीवर गेले. पाणी गाळलं आणि फडकं उजेडाकडे धरलं.

तीन होते. मातीतल्या चित्रापेक्षा देखणे. पायांची किनार हलत होती.

मास्तर विहिरीच्या काठावर बसले. फडकं वाळायच्या आत काय ते ठरवायला हवं होतं. प्रोफेसरांचा तंबू हाकेच्या अंतरावर होता. एक हाक, आणि जगाच्या पुस्तकात नाव. हाकेनंतरची बाटलीही त्यांना दिसत होती. शेवटी दोन त्यांनी नेमाप्रमाणे विहिरीत सोडले. तिसरा एका रिकाम्या काचेच्या बरणीत घेतला, विहिरीचंच पाणी घातलं, सावलीला विहिरीतल्या दगडाची एक कपची टाकली आणि बरणी आपल्या खाटेखाली ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली. कोंडणं म्हणजे मारणं नव्हे, असा विचार त्यांनी केला. तो जीव कधीतरी आपल्या मरणाने मरेलच. मेल्यावर बाटलीत घातला तर पाप कुणाचं?

त्या दिवशी त्यांनी प्रोफेसरांना सहज म्हणून विचारलं, "समजा, एखाद्याला हा प्राणी दिसला, जिवंत. नुसता पाहून सोडून दिला, तर चालत नाही का?"

"पाहिला याला पुरावा काय? बाटलीत नाही तो प्राणी शास्त्रात नाही."

"किती दिवस जगतो तो?"

"ते सापडल्यावर कळेल."

"खातो काय?"

"तेही सापडल्यावर," प्रोफेसर म्हणाले. मास्तरांची जिज्ञासा पाहून त्यांना बरं वाटलं.

भाजी चिरत असलेल्या हंबीररावाने मान वर केली नाही. "नाव मेल्यावरच लिवत्यात, मास्तर. आमच्या गावात दगड बसवलाय, लढाईतल्या गड्यांचा. मी परत आलो म्हून त्यावर माझं न्हाई."

पुढचे दिवस मास्तरांना जड गेले. दर पहाटे बरणीत पाहायचं. तो कपचीखालून बाहेर येई, काचेशी फिरे, पुन्हा आत जाई. तब्येत उत्तम होती. पहिल्या दिवशी त्याचं मरण एक-दोन दिवसांवर आलं असेल असा मास्तरांचा अंदाज होता, आणि त्याच दुपारी ऊन वाढलं तेव्हा त्यांनीच गोणपाटावर पुन्हा पाणी शिंपडलं. रोज ताजं पाणी घालावं, असं दुसऱ्या दिवशी सुचलं. तिसऱ्या दिवशी शेवाळाचा एक धागा आणून टाकला. त्याने तो खाल्ला असावा, कारण चौथ्या दिवशी धागा नव्हता. मास्तरांना आनंद झाला, आणि आनंद का झाला म्हणून चीडही आली.

हंबीररावाला गोणपाट ओलं का असतं हे कळायला वेळ लागला नाही. मास्तर विहिरीवर असताना त्याने खाटेखाली वाकून पाहिलं आणि ते परत येईपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला.

"पाव्हना कवापासनं हाय?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. खोटं बोलायचं नाही हाही नेम होता.

"म्हंजे तुमी ह्याच्या मरायची वाट बघताय."

"तसं नाही."

"आन् वर चारा घालताय." हंबीरराव बरणीकडे बघत होता. "मास्तर, येक काय ते ठरवा. आमच्या दवाखान्यात डाक्टर असं कराय लागलं असतं तर आमी समदे अजून तितंच पडून असतो."

"प्रोफेसरांना बोलू नका."

"मी कशाला बोलतोय? मला कुठं नाव पायजे?"

अखेर शेवटचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी प्रोफेसरांनी जाळं गुंडाळून पेटीत ठेवलं होतं आणि बराच वेळ ते पेटीवरच बसून राहिले होते. कलकत्त्याचं बरोबर होतं असं लिहावं लागेल, एवढंच ते बोलले. मास्तरांना झोप अशी लागलीच नाही. तांबडं फुटताच त्यांनी बरणी बाहेर काढली.

तो तळाशी पडला होता. हलत नव्हता. मास्तरांनी बरणी किंचित हलवली, तसा तो पाण्याबरोबर उचलला गेला आणि पुन्हा तळाला टेकला. पाय, मिशा, सगळं जागच्या जागी होतं आणि सगळं निश्चल.

मास्तरांनी फडक्याच्या टोकाने तो अलगद टिपून वाटीतल्या पाण्यात घेतला. बरणीतलं पाणी आणि कपची तशीच टाकून देणं त्यांना जमणार नव्हतं. ती त्यांनी दोन दोऱ्यांच्या तांब्यातून विहिरीत परत केली. मग वाटी घेऊन प्रोफेसरांच्या तंबूकडे ते अक्षरशः धावले. वाटेत धोतरात पाय अडकला, पण वाटी सांडली नाही.

प्रोफेसरांनी भिंग घेतलं. वाटी उजेडाकडे सरकवून ते तिच्यावर वाकले. 

"हाच," ते म्हणाले. "मास्तर, हाच. कुठे मिळाला?"

"बनुबाईच्या विहिरीत. इथेच."

"माणसांच्या विहिरीत!" प्रोफेसर पुन्हा भिंगावर वाकले. आणि मग त्यांचा आवाज बदलला. "पण हा मेलेला नाही."

"नाही?"

"हा तो नव्हेच. ही त्याची कात आहे. पाठीवरची चीर पाहा, इथून बाहेर पडला. मोठा झाला आहे. कुणीतरी चांगला पोसलाय याला." त्यांनी मान वर केली. "तो कुठे आहे?"

"विहिरीत."

"विहिरीत कधी गेला?"

"आत्ता. बरणीतलं पाणी परत केलं त्याबरोबर गेला असेल. कपचीखाली असावा."

"कपचीसुद्धा परत केलीत?"

"कपची विहिरीचीच होती."

प्रोफेसरांनी पेटी उघडून जाळं काढलं आणि ते विहिरीकडे गेले. तिथे बनुबाई पाणी शेंदत होती. तिने जाळ्याकडे पाहिलं.

"यात मासं न्हाईत, सायेब."

"मासे नकोत मला, बाई. एक बारीक किडा आहे."

"माझ्या हिरीत किडं?" तिने पोहरा खाली ठेवला. "चार वस्त्या पाणी पित्यात हितलं. पुण्यात जाऊन असं बोलू नगा हां."

जाळं सोडू देण्यासाठी तिची समजूत हंबीररावाने घातली. जाळं बराच वेळ खालवर झालं. बनुबाईच्या म्हणण्याप्रमाणे त्यात काहीच निघालं नाही, आणि ती हे चार वेळा बोलली. ढालगावला आगगाडी गाठायची होती. बैलगाडी जुंपून तयार होती.

दुपारी वाटेत एका बाभळीखाली गाडी थांबली. प्रोफेसरांनी कातीची बाटली मांडीवर धरली होती. ते आता चांगलेच खुशीत होते.

"नाव नुसत्या कातीवर मी देणार नाही. त्याला प्राणी लागतो. पण दख्खनमध्ये तो आहे, एवढं यावरून सांगता येतं, आणि कलकत्त्याला तेवढं बस्स. पुढच्या चैत्रात पुन्हा येऊ. तुम्हीही या, मास्तर. नाव तुमचंच."

"बघू," मास्तर म्हणाले.

"तुम्ही तो मेलाय म्हणूनच आणलात ना?"

"हो."

"आणि काय धावत आलात! मला वाटलं, सांगलीहून आनंदाची तारच आली. तोंड असं फुललं होतं तुमचं." प्रोफेसर मोकळेपणाने हसले आणि बाटली पुन्हा उजेडात धरून पाहू लागले.

मास्तर गाडीच्या चाकाकडे पाहत राहिले.

हंबीररावाने फडकं सोडून भाकरी काढल्या. एक प्रोफेसरांना दिली, एक मास्तरांपुढे धरली.

"मला नको. आज उपास आहे."

हंबीररावाने बोटांवर तिथी मोजली. "आज षष्ठी. तुमचा तर अष्टमीला न्हाईतर चौदसला असतोय."

"तिथीचा नाही."

हंबीररावाचा भाकरी धरलेला हात तसाच राहिला. त्याने प्रोफेसरांच्या मांडीवरच्या बाटलीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"पर त्ये मेलंच न्हाई की, मास्तर."

"म्हणून एकच दिवस."

 हंबीररावाने मास्तरांच्या वाटणीची भाकरी आपल्या भाकरीवर ठेवली.

"असं उपास धराय लागलो तर आमास्नी जल्मात भाकर मिळायची न्हाई," तो म्हणाला आणि जेवू लागला.