सुटा संसार मिळणार नाही

माझ्या खोलीत नवं म्हणावं असं काहीच नव्हतं आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. पलंग लोहाऱ्यातल्या बंद पडलेल्या एका लॉजचा. कपाट लिलावातलं, त्याला मीच पिस्ता रंग मारला. टेबल म्हणजे मोडक्या शिलाई मशीनचा लोखंडी पाया आणि वर फरशीचा तुकडा. भांडी तर सगळी मोडीची. लोक जुनी भांडी मोडीत देऊन नवी घेतात, ती भट्टीला जायच्या आत मी दुकानातून निवडून आणायची. म्हणून माझ्या ताटावर 'कै. गुंडप्पा यांच्या स्मरणार्थ' आणि पितळी परातीवर 'मल्लम्माकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं. परातीवर खाली जागा होती, तिथं मी माझंही नाव घालून घेतलं, श्रावस्ती.

मी एसटीत कंडक्टर. भूमला बदली झाली. तिथं माझा भाऊ प्रसेनजित राहतो आणि त्याचं घर सामानानं गच्च भरलेलं आहे. म्हणून सगळं विकायला काढलं, पण अट एकच होती. घ्यायचं तर अख्खा संसार घ्या, सुटं काही मिळणार नाही. एकेक वस्तू पारखून जमवलेलं घर दुसऱ्या बाईच्या हातात उभंच्या उभं जावं, एवढीच माझी इच्छा होती.

समोरच्या खोलीत कुलदीप नावाचा मुलगा नुकतंच लग्न करून राहायला आला होता. त्याची आई तुळजाबाई गावाकडून घर मांडून द्यायला आली होती. ती सुनेला, शिवांजलीला, घेऊन माझ्याकडे आली. पलंगावर बसून पाहिलं, कपाटाची दारं चारदा उघडली, परात हातात घेऊन बोटानं वाजवली.

"लई जपून वापरलंय वो ताई. समदं नेतो. पोरीकडं धड पातेलंबी न्हाय," ती म्हणाली. भाव ठरला. मग तिनं सहज विचारलं, "गाव कुठलं तुमचं? पावणे कोण?"

हा प्रश्न कशासाठी असतो ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"आम्ही बौद्ध," मी म्हणाले.

तिनं परात खाली ठेवली. हात पदराला पुसले. "पलंग, कपाट नेतो मग. भांडी ऱ्हाऊ द्या. हायती घरी."

"आत्ता तर नव्हती."

"तसं न्हाय वो. आमच्या मनात काय न्हाय. पर घरात देवाधर्माचं असतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लॉजच्या त्या पलंगावर कोण कोण झोपलं असेल, ते हिनं विचारलं नव्हतं. माझ्या गाडीत हिच्यासारख्या रोज अर्धं तिकीट काढतात, उरलेले पैसे माझ्या हातातून घेऊन कमरेला खोचतात. तेव्हा देव कुठं जातो? सगळं सोयीचं सोवळं.

"सुटं मिळणार नाही," मी म्हणाले.

"एवढा ताठा? कोण नेतंय बघू तुमचं भंगार!"

"भंगार आहे तर मघापासून काय चाटत बसला होता? निघा."

मी लगेच भंगारवाल्या महालिंगप्पाला सकाळी यायला सांगितलं.

संध्याकाळी शिवांजली एकटीच आली. "ताई, मला समदं पाहिजे. आत्या उद्या गावाला जात्यात. मग बाजारातनं आणलं म्हणून सांगीन."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरगी हिमतीची निघाली, असं वाटलं. मी स्वतःच भांडी काढून तिच्यापुढं मांडायला लागले. तिनं परात उचलली, उजेडाला धरली आणि माझ्या नावावर अंगठा घासला.

"हे एवढं नाव निघंल का? वरचं ऱ्हायलं तरी चालतंय."

सासूचं बोलणं मला एवढं लागलं नव्हतं.

"निघणार नाही," मी म्हणाले. "पण तू सगळं फुकट ने. पलंग, कपाट, भांडी, एक पैसा देऊ नको. फक्त आत्ता जा आणि सासूला सांग, श्रावस्तीताईची भांडी आणतेय."

"मला घरात ठिवायच्या न्हाईत."

"मग परात ठेव."

तिनं परात ठेवली. रडत होती, पण ठेवली.

सकाळी महालिंगप्पा आला. पलंग हातगाड्यावर मावेना, तेव्हा त्यानं घण घालून पाय वेगळे केले. समोरच्या दारात शिवांजली उभी होती. मागं तिची खोली उघडी होती, जमिनीवर एक चटई आणि दोन पातेली. सासू तिच्या शेजारीच होती, पण शिवांजली रागानं बघत होती ती माझ्याकडे. मला तिची दया आली. एक हाक मारली असती तर गाडा तिच्या दारात वळवता आला असता.

मी हाक मारली नाही. महालिंगप्पाला म्हणाले, "कपाटही घे."